बाबाची उभी उडी

नाही हो काकू, कपाट नाही पडलं – मी पडलो. कपाट जागच्या जागी आहे, बघा ना. बसा. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर माझा पाय ठेवायचाय. हां, तिथं. ओरडायलाच आलात ना? ओरडा, हक्क आहे तुमचा – रोज सकाळी डोक्यावर असलं धाडधाड, तुमचा पंखा हलत असणार, मला कळत होतं, पण सांगायची लाज वाटत होती. काय सांगणार? की बाई, तुमच्या वरच्या मजल्यावरचा हा पन्नाशीला आलेला माणूस, चष्म्याच्या दुकानात नोकरीला, पोट हे असं – सध्या उडी मारायला शिकतोय? आणि धावत येऊन मारायची ती नव्हे – जागेवरून. उभी उडी. उभ्याउभ्या वर जायचं आणि उभ्यानंच खाली यायचं. शेवटचं तेवढं आज जमलं नाही.

हसा, हसा. बायको हसली तेव्हा तिला ठसका लागला होता, तेव्हा आधी पाणी घ्या आणि मग हसा.

आता हे खूळ कुठून आलं? आमची बारकी! माझी लेक हो, व्हॉलीबॉल खेळते ती – नाव बारकी, आणि माझ्याशी बोलताना वाकते. ती एवढीशी होती तेव्हापासून रोज संध्याकाळी मागच्या मैदानावर नेटच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, हात वर करून. तिनं स्मॅश मारायचा, मी अडवायचा. मी काही खेळाडू नाही हां – कॉलेजच्या संघात होतो, पण पाण्याच्या बाटल्यांशेजारी. तरी हात वर धरणारा म्हणून तिला पुरत होतो. वर्षानुवर्षं पुरलो. आणि यंदा बॉल माझ्या हातांवरून जायला लागला. आधी वाटलं, चुकून गेला. मग रोजच जायला लागला. मी बॉल आणायला मागे पळायचो आणि म्हणायचो, ‘आउट होता!’ तीही म्हणायची, ‘हो बाबा, आउट होता.’

मग तिची मोठ्या संघात निवड झाली, आणि तिच्या कोचबाईंनी मैदानावर काय आणावं? लोखंडी स्टँड, वर एक फळी. हवी त्या उंचीवर लावायची आणि तिच्यावरून स्मॅश मारायचे. अहो, माणसाच्या जागी माणूस आला तर भांडता तरी येतं – माझ्या जागी फळी आली! दमत नाही, धापा टाकत नाही, ‘आउट होता’ म्हणून खोटं बोलत नाही. आणि बारकी मला म्हणाली, ‘बाबा, तू बॉल गोळा करून देशील ना?’ दिले गोळा करून. काय करतो!

घरी आलो आणि फोनमध्ये शोधायला बसलो – उडी कशी वाढवावी. बापरे! इतके लोक उडी शिकवतात, मग चालतं कोण? कोपऱ्यावरच्या जिमचा मास्तर – मान नाहीच त्याला, डोकं सरळ खांद्यांवर बसवलंय – तो म्हणाला, आधी मांड्यांत ताकद आणा, खांद्यावर वजन घेऊन बैठका मारा. गेलो. बसलो. उठवायला दोघं लागले. मग दुकानात एक बाई चष्म्याला आल्या, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना विचारलं – ‘एका ओळखीच्या गृहस्थांसाठी’ म्हणून. त्या म्हणाल्या, ‘त्यांना म्हणावं, आधी खाली यायला शिका. पहिले काही आठवडे उडीच नाही. पायरीवरून हळू उतरायचं, गुडघे नीट वाकवायचे, पावलाचा आवाज होता कामा नये.’ आता वर जायची घाई झालेल्या माणसाला हे पटेल का? शिवाय तोवर मला फोनमध्ये एक उघडा, चकचकीत दातांचा पोरगा सापडला होता – ‘तुमची उडी दुप्पट होणार, गॅरंटी!’ माझी उडी किती? खालून काडेपेटी सरकवता येईल एवढी. दुप्पट म्हणजे दोन काडेपेट्या. पण दुप्पट म्हटलं की माणूस पाघळतो हो. त्याचं म्हणणं, उंचावरून खाली उडी टाकायची आणि पाय टेकल्याटेकल्या परत वर. झालं – निवडला. रोज पुस्तकांच्या खोक्यावरून मारत होतो, आज स्टूल घेतलं. ते बघा, एक पाय तिकडे, तीन इकडे.

नाही, गुडघा ठीक आहे. गुडघ्यासारखा दिसत नाहीये, एवढंच.

आजच स्टूल का? कारण काल मी तिला म्हटलं, ‘बारके, फळी बाजूला कर, आज मी.’ तिनं केली. आणि काकू, मी अडवला! स्मॅश, खाडकन्, माझ्या दोन्ही हातांवर – बॉल तिच्याच पायाशी! मी नाचलो. मैदानाला चक्कर मारली. कोचबाईंनी टाळ्या वाजवल्या, मी हात हलवून त्या स्वीकारल्या, काय सांगू! आणि घरी येताना जिन्यात, तुमच्या दाराशी, एकदम लक्षात आलं – मी दिवसभर लोकांचे डोळे बघतो, पोटच त्यावर चालतं – मारायच्या आधी तिनं माझ्या हातांकडे बघितलं होतं. मारणारा मोकळी जागा शोधतो हो, हात नाही. तिनं माझे हात शोधले आणि बरोबर तिथंच मारला. ती लहान असताना मी माझे हात मुद्दाम खाली घ्यायचो, तिचा बॉल जावा म्हणून. तसंच. म्हणजे आता मी तिचा –

असो. हे बोलायचं नव्हतं मला. तुम्ही पंख्याचं बोला.

काय? तक्रार नाही? मग आलात कशाला?... रोज आवाज येत राहतो, आज एकच मोठा आला आणि पुढं काहीच नाही, म्हणून? म्हणजे वर काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक होतं? कुणी सांगितलं?

बारकीनं? खाली येऊन? कधी?... आणि मी तिला सांगत होतो की शेजारी सुताराचं काम चाललंय. काय म्हणाली? – ‘बाबाला काही बोलू नका, थोडे दिवस सोसा.’ बरं. आणि? – ‘तो मैदानावर यायचा थांबला, तर माझ्याच्यानं खेळवणार नाही.’

असं म्हणाली? खेळवणार नाही?

पुन्हा सांगा. तिच्याच शब्दांत सांगा.

...

बरं. या तुम्ही आता, काकू. कामं पडली असतील तुमची. नाही, बर्फ नको, काही नको. मला उठता येत नाहीये, तेवढं दार तुम्हीच – नको, ओढू नका. राहू दे उघडं. ती येईलच इतक्यात.