एक वाजताची रेघ

बरीच वर्षं झाली. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. ऑपरेशन आजींच्या हृदयाचं होतं.

"घाबरलीस?"

"मी कशाला? पाय तर तुमचा हलतोय."

"नोकरीत त्या तळघरात हलवता यायचा नाही, त्याची भरपाई."

"त्या तुमच्या यंत्रापायी तीस वर्षं मला दारातूनच हाकललंत. डबा ठेव आणि नीघ, म्हणे!"

"पृथ्वीची ओढ मोजायचं यंत्र ते. क्षणाक्षणाला बदलते ती, अगदी कणभर. जवळ कुणी उभं राहिलं तरी कागदावरची रेघ हलायची."

"माझ्यानंसुद्धा?"

"रोज, एक वाजता. आणि रेघ का हलली, ते वहीत लिहावं लागायचं."

"मग काय लिहायचात?"

"बायको आली."

"अगबाई! साहेबांनी वाचलं असेल की!"

"वाचलं ना. म्हणाले, ज्या दिवशी यायच्या नाहीत, तेही लिहीत जा."

"आजी, चला," नर्स म्हणाली.

"येते हं. हलवा आता पाय खुशाल."

दार मिटलं. आजोबांनी खिशातून छोटी वही काढून लिहिलं, 'अकरा दहा. बायको आत.' खालच्या ओळीत 'बाहेर' लिहून वेळेची जागा मोकळी सोडली. पेनाला टोपण मात्र लावलं नाही.