तिसरं वाक्य

…नाही हो दादा, पहिली दोन वाक्यं म्हणून देते ना, गल्लीबोळात घुमतील अशी. प्रचाराची गाडी तुमची, आवाज माझा — पण तिसरं नाही म्हणणार. बसा. रेकॉर्डिंगचं मशीन राहू दे चालू, बोलता बोलता आवाज तापतो, नको ते मी मागाहून कापते. काय म्हणता, तिन्ही सारखीच? सारखी कशी? ‘अध्यक्ष नालायक आहेत’ — हे झालं तुमचं मत. असेल बापडं. ‘पुन्हा निवडून आले तर गाव भिकेला लागेल’ — हे भाकीत. खरं का खोटं ते पुढे कळेल, तोवर कोण कुणाचं तोंड धरणार? पण ‘पुरात अध्यक्षांनी मुद्दाम बंधाऱ्याचे दरवाजे उघडून खालची वस्ती बुडवली’ — हे एक तर घडलंय, नाही तर नाही घडलेलं. इथे असेल बापडं म्हणून नाही चालत.

आणि नाही घडलेलं. मला कसं माहीत? अहो, सगळ्यांना — बरं, सगळ्यांना नाही. चावी अध्यक्षांकडे नसतेच मुळी, ती दरवाजेवाल्याकडे. आणि दरवाजे उघडले म्हणून कुठे बुडाली वस्ती? वेळेत उघडले नाहीत म्हणून बांध फुटला. अध्यक्ष बिचारे फोनवर ओरडत होते, ‘अरे उघड, उघड’ — माझ्या कानठळ्या बसल्या, म्हणून तर छातीठोक सांगते…

माझ्या कानाला फोन कसा? आता घरात वाजला तर घरातलंच माणूस घेणार ना. हे जेवायला बसले होते — दोन घास खायला आले होते हो, बंधाऱ्यावर कोण ताट वाढणार? चौकशीत अध्यक्षांनी यांच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि त्याच माणसावर मी — या तोंडानं —

कोण दरवाजेवाला? कुणी नाही. मी आपलं बोलले. दादा, मशीनमधलं कार्ड कशाला काढताय, मला कापायचंय अजून. ठेवा खाली. हळू बोला, ते आतल्या खोलीत आहेत. हे बघा, मगाशी म्हटलं ना मी, ते… ते माझं मत आहे. नुसतं मत.

दादा, दाराशी नका जाऊ. द्या ते कार्ड. म्हणते मी तिसरं.