पहिल्या भेटीचे पैसे

कुत्रेवाली : काकू, आता निघते मी. तुमच्या या बोका नावाच्या कुत्र्याला जरा दारातून उठवता का?

काकू : अगं, बस की! आत्ताच तर आलीस. चहा टाकू?

कुत्रेवाली : दोनदा झाला. ऊठ रे बोका. ऊठ राजा... काकू, हा गुरगुरतोय.

काकू : गुरगुरत नाही गं, बोलतोय. थांब, बिस्किट देते. घे रे सोन्या. बघ, झाला शांत.

कुत्रेवाली : शांत झाला, पण उठला कुठे? आडवा तो आडवाच. मी आले तेव्हा तर शेपटी हलवत आत घेतलं यानं मला.

काकू : येणाऱ्याला काही करत नाही तो. उलट लळा लावतो.

कुत्रेवाली : आणि जाणाऱ्याला?

काकू : तू कुत्रं सांभाळायला यायच्या आधी पहिल्या भेटीचेही पैसे घेतेस ना, ते मला फार आवडलं बाई. बाकीचे फुकट येतात.

कुत्रेवाली : विषय बदलताय तुम्ही. मीही फुकटच जात होते. लोक ओळखीसाठी म्हणून बोलवायचे आणि कुत्र्याबरोबर पोरंही माझ्या गळ्यात घालायचे. एकीनं तर 'आलीच आहेस तर पंखा पूस' म्हणून स्टूल पुढं केलं. जाताना सगळ्यांचं एकच, 'कळवतो'. अजून कळवतायत. घरी वहिनी म्हणायची, वन्संचं बरंय, गावभर चहा पीत हिंडतात. म्हणून लावली फी. चुकलं का माझं?

काकू : छे गं! म्हणून तर तुलाच बोलावलं. म्हटलं, पैसे घेतलेलं माणूस जरा तग धरेल.

कुत्रेवाली : तग? आधी कोण कोण आलं होतं?

काकू : एक बाई आली होती. ती रडायलाच लागली. शेजाऱ्यांनी मागच्या कुंपणावरून उतरवून घेतलं तिला. आणि एक चांगला उंचापुरा माणूस होता. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेला.

कुत्रेवाली : म्हणजे दाराशी त्या मोठ्या चपला आहेत...

काकू : त्याच्याच. घाईत राहिल्या बिचाऱ्याच्या.

कुत्रेवाली : अगं आई गं! काकू, पैसे परत देते, पण मला सोडा. पुढच्या घरी वाट बघतायत माझी.

काकू : मी कुठं धरलंय तुला?

कुत्रेवाली : तेही खरंच. मग तुम्ही कशा बाहेर पडता?

काकू : या वयात खिडकीतून उड्या मारू का मी? नाही पडत बाहेर. वाणी खिडकीतून पिशवी देतो. बोक्याला मागचं अंगण आहे. चाललंय.

कुत्रेवाली : कधीपासून?

काकू : हे गेले तेव्हापासून. ह्यांना नेलं ते याच दारातून. बोका मागे धावला, तर कुणीतरी त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मी पिशवी घेऊन निघाले की हा आडवा पडायला लागला. तू पण चाललीस का, असंच म्हणत असेल.

(कुत्रेवाली पुन्हा खाली बसते.)

काकू : आता लेकीचे दिवस भरलेत. उद्या सकाळची गाडी आहे. मागं ती आजारी पडली तेव्हा मी गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. परवा पुन्हा गुडघा काढला, तर म्हणाली, आई, तुला यायचंच नसेल तर तसं सांग. आणि फोन ठेवला.

कुत्रेवाली : काकू, जरा उठा. दाराकडे एक पाऊल टाका.

काकू : नको गं, तो...

कुत्रेवाली : टाका तर. हं, गुरगुरला. आता तुमचा हात डब्याकडे का गेला?

काकू : बिस्किट नको द्यायला?

कुत्रेवाली : दर वेळी देता?

काकू : मग! नाहीतर गप्प कसा होणार?

कुत्रेवाली : अहो, तो नोकरी करतोय. दारात आडवं पडायचं, गुरगुरायचं, की लगेच पगार. माझ्यापेक्षा बरी फी घेतो तो.

काकू : काहीतरीच तुझं!

कुत्रेवाली : द्या तो डबा. बोका, इकडे ये. चल आतल्या खोलीत, या गादीवर. बस. शाब्बास! घे. अजून एक घे... आता दाराकडे बघा काकू.

काकू : अगं बाई. मोकळं झालं.

कुत्रेवाली : लागलेली सवय आहे, पुन्हा जाईल तो तिथं. पण मी आहे ना. तुम्ही चपला घाला आणि फाटकापर्यंत जाऊन या. पहिल्या भेटीत मी सगळ्यांनाच बाहेर पाठवते. मालकीण नसताना कुत्रं कसं वागतं, तेच तर बघायचं असतं.

काकू : आत्ता? नको, आधी तू जा. तुझी वाट बघतायत ना?

कुत्रेवाली : बघू देत. तुमच्या चपला कुठं आहेत?

काकू : माळ्यावर.

कुत्रेवाली : त्या काय बोक्यानं ठेवल्या?

काकू : असं नको गं बोलूस.

कुत्रेवाली : चुकलं. जीभच घसरली.

काकू : नाही, बरोबर बोललीस. मीच ठेवल्या. तो आडवा पडला की मला बरं वाटायचं. चला, आजचं जाणं टळलं. बाहेर पडायला भीती नाही वाटत गं मला. परत यायची वाटते. कुलूप काढायचं, आणि आत कुणी 'आलीस का' म्हणणारं नाही.

कुत्रेवाली : मी म्हणेन. लेकीकडून याल तेव्हाही म्हणेन. आता त्या उंच माणसाच्या चपला घाला.

काकू : अगं, केवढ्या आहेत त्या! होडीत पाय घातल्यासारखं वाटतंय.

कुत्रेवाली : फाटकापर्यंत चालतील.

काकू : घातल्या. उंबऱ्यात उभी आहे मी. बोका बघतोय का गं माझ्याकडे?

कुत्रेवाली : नाही.

काकू : नीट बघ.

कुत्रेवाली : नाही काकू. बिस्किट खातोय.

काकू : एकदाही नाही बघितलं?

कुत्रेवाली : एकदाही नाही.

काकू : बरं... येते मग मी.