बत्तीसचा ब्रेकर

मंचावर बसलेले कमिटीचे अध्यक्ष, सचिव बाई, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे माझे मामा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेली मामी, आणि हॉलची दारं लावून गारव्यात बसलेले सर्व रहिवासी, आपणा सर्वांना नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. कामावर मी अहवाल लिहिते, तसंच सांगते.

एक. या इमारतीची वीज मामांनी आयुष्यभर सांभाळली. आज ते निवृत्त होत आहेत.

दोन. मघाशी वाचलेल्या मानपत्रात त्यांचं खास कौतुक आहे, की गेले दोन उन्हाळे एकाही घरात एसीचा ब्रेकर पडला नाही.

तीन. त्यानंतर अध्यक्षांनी मीटर रूमची किल्ली माझ्या हातात दिली आणि पुढची जबाबदारी भाचीची, असं जाहीर केलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

चार. किल्ली अजून मुठीतच आहे. पर्समध्ये टाकलेली नाही.

मामांबद्दल दोन चांगले शब्द बोल, असं मामीने बजावलंय. ते अवघड नाही. मी लहानपणीच त्यांच्या घरी राहायला आले. चालू बोर्डावर काम करताना डावा हात खिशात ठेवायचा, हे त्यांनी मला शिकवलं. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते मामीला म्हणाले, "आता घरात वायरमन दोन झाले. बिघडवायला तू एकटी पुरे." मामी, हसू नकोस, म्हणाले होते.

पण ब्रेकर पडायचे का थांबले, हे कुणी विचारलं का?

आपल्या घरांत एसीसाठी भिंतीतून एकच वायर जाते, अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची. इमारत बांधली तेव्हा ती एका एसीसाठी टाकली होती आणि तिच्यावर सोळा अँपिअरचा ब्रेकर होता. मग मुलांच्या खोलीत दुसरा एसी आला, त्याच वायरवर. दोन्ही एकदम लावले की प्रवाह बावीसच्या पुढे जातो. ब्रेकर पडायचा. तो बिघडलेला नव्हता, वायर वाचवत होता.

मग मामांना फोन. "काका, पाहुणे आलेत, काहीतरी करा ना!" "काका, जमत नसेल तर सांगा, बाहेरचा माणूस बघतो." मामा भरल्या ताटावरून उठायचे. शेवटी एकेका घरात त्यांनी सोळाचा काढून बत्तीसचा बसवला. फोन बंद झाले. पण बंद भिंतीतली अडीचची वायर फार तर वीसपर्यंत तग धरते, आणि बत्तीसचा ब्रेकर त्याच्या कितीतरी पुढे गेल्याशिवाय हलत नाही. म्हणजे वायर तापली तर तिला वाचवणारं आता कुणी नाही. आपण टाळ्या वाजवल्या त्या याला.

गेल्या रविवारी मी मामीच्या पलंगामागचा बोर्ड उघडला. वायरचं आवरण तपकिरी झालं होतं. वाकवलं तर बिस्किटासारखं तुटलं. मामी म्हणाली, "अगं, पण गार होतंय ना?" मी तेवढा तुकडा कापून जोडणी नवी केली. भिंतीच्या आत काय झालंय ते दिसत नाही. दोन एसी एकदम लावू नकोस, असं मामीला सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, "समारंभ होऊ दे. एक दिवस तरी माझा असू दे."

मी हो म्हटलं होतं. पण मग ही किल्ली हातात आली. ती घेऊन मी मंचावरून गुपचूप खाली उतरले, तर तुमच्या घरातले सगळे बत्तीस माझे होतात.

मामा म्हणताहेत, "पुरे गं पोरी." मामा, दोनच मिनिटं.

आज सकाळी आम्ही तयारी करत होतो. मामीने सवयीने दोन्ही एसी लावले आणि ब्रेकर पडला. मी पॅनेल उघडलं. आत बत्तीसच्या जागी सोळाचा होता. मी बसवला नव्हता.

तो कुणी बसवला, हे मी घरात विचारलं नाही. इथेही विचारत नाही. आमच्या घरात त्यांना नाही म्हणायचं होतं फक्त मामीला. तुमच्या घरांत नाही म्हणायची सोय आपण त्यांना ठेवली नव्हती. बत्तीस बसवले त्यांनी, मागितले या हॉलने. दोष द्यायचाच तर तसा वाटून घ्या.

कमिटीला माझी विनंती अशी. प्रत्येक घरात सोळाचा ब्रेकर परत बसवू द्यावा आणि तोवर एका वेळी एकच एसी चालवावा. पुढे प्रत्येक एसीला चारची स्वतंत्र वायर आणि तिच्यावर वीसचा ब्रेकर. तोपर्यंत ब्रेकर पडतील. मला फोन येतील. मी उचलीन आणि एक एसी बंद करा, एवढंच सांगेन.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर ते माझ्या नावावर लिहा, मामांच्या नको.

किल्ली मी अध्यक्षांसमोर ठेवते आहे. कमिटीने आपला होकार किंवा नकार येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला लेखी कळवावा.