घट बसलेले असताना रोल धुतला ती दुपार

मी मूळची वेंगुर्ल्याच्या बाजूची, लग्न होऊन मालाडला आले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, शिक्षण सातवी, पण खोड एक होती, हे असं का, ते तसं का, विचारत सुटायचं, आई म्हणायची, गप ऱ्हव गो जरा. आमचे हे फोर्टात कारकून, चाळीत दोन खोल्या, आणि ह्यांना नाद फोटोचा, साधा डबा कॅमेरा, पण रोल घरीच धुवायचे. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती ना, दाराच्या फटींत गोधड्या कोंबायच्या आणि आत आम्ही दोघं मिट्ट काळोखात, ह्यांच्या मित्राने सांगितलेलं, काळोख म्हणजे काळोख. हे रोल औषधात खालीवर करायचे, मी आकडे मोजायची. काय सांगू तुम्हाला, नंतर ती पट्टी उजेडाला धरली की केस पांढरे, तोंड काळं, मला हसूच आवरायचं नाही.

तर आमची बेबी झाली, बाळंतपण इथेच केलं, कारण आई तिकडे अंथरुणाला खिळलेली. वडील नात बघायला बोटीने आले, आठ दिवस राहिले, आणि म्हणाले, तुझ्या आवशीला दाखवायला फोटो दे, ती काय आता इथे यायची नाही. मग मीच कॅमेरा घेतला, बेबी आजोबांच्या मांडीवर, सासूबाईंच्या कडेवर, ह्यांच्या खांद्यावर, आठच्या आठ फोटो मी काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट, रोल दुकानात टाकला तर आठवडा जाणार, आणि पंचाईत बघा, नवरात्र, घट बसलेले, देव्हारा स्वयंपाकघरात आणि समोर अखंड दिवा. हे म्हणाले, आई, अर्धा तास झाकूया. सासूबाई म्हणाल्या, झाकला नि आत विझला तर रे? दिवा मला दिसला पाहिजे. हे म्हणाले, मग राहू दे. राहू दे कसं हो? माझी आई काय बघणार? मला रडूच कोसळलं.

रडतारडता भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे लक्ष गेलं. ह्यांनीच काढलेला, ह्याच जातीच्या रोलवर. कपाळावर एवढं ठसठशीत लाल कुंकू, फोटोत कोळशासारखं काळं. मागे विचारलं होतं तर म्हणालेले, अगं काळ्यापांढऱ्यात लाल कुठून येणार. पण मग निळं लुगडं पांढरट कसं आलं? लालच तेवढं काळं का? मी म्हटलं, अहो, ह्या रोलला लाल दिसतच नसेल, कुंकू दिसत नाही त्याला लाल दिवा काय दिसणार? हे म्हणाले, आणि चुकलं तर? मी म्हटलं, नाही धुतला तरी आईला काय मिळणारेय.

शेजारचे मामा रेल्वेत गार्ड, त्यांच्याकडून बत्तीची लाल काच आणली, पुठ्ठ्याच्या खोक्याला बसवली, ते दिव्यावर ठेवलं, वर हवेला भोक, त्यातून उजेड फुटू नये म्हणून त्याला आडोसा. सासूबाई म्हणाल्या, मी इथनं हलणार नाही. नका हलू. तिघं त्या लाल उजेडात, हे रोल खालीवर करतायत, आधी पट्टी कोरी, मग डाग आले, मग एका डागाला कान फुटले. इतके दिवस आकडे मोजत होते, फोटो उमटताना तेव्हा पहिल्यांदा बघितला हो. सासूबाई दिवा सोडून पट्टीकडेच बघत होत्या, म्हणाल्या, अगोबाई, ही तर बेबी! संध्याकाळपर्यंत कागदावर फोटो काढले, सकाळी वडील घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी वडिलांचं पत्र. तुझ्या आवशीने आठही फोटो बघितले, परत बघितले, आणि विचारलं, ह्यात माझां चेडू खंय आसा? तिचं चेडू, तिची मुलगी, म्हणजे मी. मी कुठे असणार, कॅमेरा माझ्या हातात ना! मला सुचलंच नव्हतं.

मग ह्यांनी माझा एक फोटो काढला, मी धुतला, गावच्या माणसाबरोबर पाठवला. वडिलांचं परत पत्र आलं, आईने तो बघितला आणि एवढंच म्हणाली म्हणे, चेडू सुकलां माझां. त्यानंतर आठ दिवसांनी ती गेली.

पत्र वाचून मी माझ्याकडची प्रत काढली. खरंच, गळ्याची हाडं वर आलेली. ह्यांना, सासूबाईंना मी रोज दिसत होते, मी स्वतः रोज आरशात बघत होते, पण कोणाला दिसलं नव्हतं हो.

आता बेबीलाही नातवंडं आहेत, मोबाईलवर ढिगाने फोटो येतात, मी एकेकाचं तोंड निरखून बघते आणि फोन करते, जेवलास का रे, वाळलायस किती. हसतात मेले. हसू देत, सुखात राहू देत सगळी.