ओक्सानाच्या आजोबांचा दाखला

माझी बायको ओक्साना युक्रेनची, हे तुम्हाला माहीतच आहे. युद्धामुळे तिची आई पोलंडला गेली. तिथलं नागरिकत्व हवं तर तुमच्या वडिलांचा, म्हणजे ओक्सानाच्या आजोबांचा, जन्मदाखला आणा असं तिथले अधिकारी म्हणाले, कारण ते जन्मले तेव्हा त्यांचं गाव पोलंडमध्ये होतं. मग ते सोव्हिएतमध्ये गेलं, आता युक्रेनमध्ये आहे. गाव जागचं हललं नाही, पण दाखला कुठल्याच देशाकडे सापडेना. ओक्साना मुलुंडला बसून सहा महिने मेल करत होती यार.

आमची आई मालवणची. भाजी निवडता निवडता म्हणाली, "देश रवांदेत गो. गावात देऊळ आसा मां? थंय इचार."

ओक्सानाने गावच्या चर्चला फोन लावला. जुन्या वहीत आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद निघाली, जन्मतारखेसकट! पानाचा फोटो आला, त्यात पाद्रीबाबांचा शेरा होता. तो तिने आम्हाला मराठीत वाचून दाखवला, "मिरवणुकीत झेंडा आधी कोणी धरायचा यावरून बाळाचे वडील आणि काका भांडले. दोघांचाही मान काढून घेतला."

आमच्या गावी पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून माझे बाबा आणि काका आजही बोलत नाहीत.

आईने भाजी बाजूला सारली. ओक्सानाकडे बघून म्हणाली, "तरीच ह्यां चेडू आमच्या घरात इतक्या बेगीन रमलां."