नात्यातली साक्ष

हिराचं तुम्हाला सांगितलेलं का मी कधी? माझी विधवा नणंद, कोलशेतची सुईण. नव्वदच्या सुमाराला बायका बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या, नि हिराला कुणी बोलवेना. तेव्हाच युनिव्हर्सिटीने नवा कोर्स काढलेला. शाळा नसली तरी हाताने शिकलेल्या कामाचे मार्क मिळणार, नि त्या सर्टिफिकेटवर दवाखान्यात आयाची नोकरी.

पहिल्याच दिवशी मी तिला घेऊन ठाण्याला कोर्सच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब भला माणूस. म्हणाला, "मावशी, जिचं बाळंतपण केलंत अशी कुणी साक्षीला आणा."

मी म्हटलं, "ही काय मी बसलेय. माझी सगळी पोरं हिच्याच हातची."

"तुम्ही कोण यांच्या?"

"भावजय."

"नात्यातली साक्ष चालत नाही. दुसरी कुणी?"

हिरा आठवत राहिली. चुलतबहीण, मामी, भाची, विहीण. आमच्या कोळीवाड्यात सोयरिकी एकमेकांतच, परकं कोण निघणार? साहेबाने जरा वाट बघितली, मग पुढच्या बाईला हाक मारली.

आम्ही घरी परतलो. दारात हिरा म्हणाली, "वयनी, जन्मभर आपल्याच बाळंतिणी सोडवत बसले. एखादी परकी सोडवली असती, तर आज भाकरी मिळाली असती."